रेइ : कराटेतील वंदन आणि त्याचा अर्थ

कराटे हा शब्द कानी पडला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दुभंगलेली फळी, फुटलेली कौले आणि हवेत उंच झेपावलेली लाथ उभी राहते. चित्रपटांनी ही समजूत अधिकच पक्की केली आहे. परंतु जो विद्यार्थी पांढरा पोशाख अंगावर चढवून पहिल्या दिवशी शिक्षकांसमोर उभा राहतो, त्यास ठोसा मारावयास शिकवीत नाहीत, वाकावयास शिकवितात. दारात वाकावयाचे, रांगेत बसून वाकावयाचे, ज्याच्याशी झुंजावयाचे त्याच्यापुढे वाकावयाचे आणि झुंज संपली की पुन्हा वाकावयाचे. त्याबरोबर काही जपानी शब्द उच्चारावयाचे. बेळगाव, मडगाव, इंदूर, बडोदे यांसारख्या शहरांतून कराटेचे वर्ग आता नवलाचे राहिलेले नाहीत. संध्याकाळी एखाद्या सभागृहावरून जाताना हे शब्द आपल्याही कानांवर पडतात. मुले ते घडाघडा म्हणतात; अर्थ विचारला की मात्र बहुतेकांची गाडी अडते.

घरातील वडीलधाऱ्यांचे प्रश्न याहून निराळे असतात. “भिंतीपुढे कसले वाकता? तो फोटो कोणाचा? घरच्या देवापुढे हात जोडावयास कंटाळा आणि परक्या देशाच्या रीतीने जमिनीला कपाळ टेकावयास एवढा उत्साह, हे कसे?” असे त्यांचे म्हणणे. हे प्रश्न रास्त आहेत. जी क्रिया आपण दररोज करतो तिचा अर्थ आपणांस ठाऊक नसावा, ही गोष्ट विद्यार्थ्यास शोभणारी नव्हे. म्हणून या वंदनविधीची आणि त्यातील शब्दांची थोडी फोड येथे करावयाची आहे.

या साऱ्या विधीस जपानी भाषेत एकच लहानसा शब्द आहे : ‘रेइ’. तो ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचे जुने रूप मोठे बोलके आहे. त्याच्या डाव्या अंगास देवतेच्या वेदीचे चिन्ह आहे आणि उजव्या अंगास नैवेद्याने भरलेले पात्र. देवापुढे यथाविधी अर्पण करणे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे कन्फ्यूशियसच्या परंपरेत हा अर्थ विस्तारला आणि माणसाने माणसाशी कसे वागावे याची सारी मर्यादा त्या एका अक्षरात सामावली. आज जपानी माणूस ‘रेइ’ म्हणतो तेव्हा त्यात वाकणे येते, शिष्टाचार येतो आणि कृतज्ञताही येते. ‘ओरेइ’ म्हणजे तर आभारच. आपल्याकडे ‘मर्यादा’, ‘विनय’, ‘वंदन’ आणि ‘ऋण’ हे शब्द एकत्र कालविले तर या शब्दाच्या जवळपास पोहोचता येईल. केवळ ‘नमस्कार’ असे भाषांतर करून भागत नाही, जरी ‘नमस्कार’ या शब्दातही ‘नम्’ म्हणजे वाकणे हाच धातू दडलेला आहे. वाकणे आपण शब्दात ठेवले आणि प्रत्यक्षात नुसते हात जोडू लागलो. जपानी माणसाने हात बाजूस ठेवले आणि वाकणे टिकविले, एवढाच काय तो फरक.

कराटेचा जन्म जपानच्या मुख्य भूमीवर झालेला नाही, ही गोष्ट येथे ध्यानी घ्यावयास हवी. दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर र्‍युक्यू नावाचे एक स्वतंत्र राज्य होते. चीनशी त्याचा व्यापार होता, आणि चिनी मुष्टिविद्येचा व बेटावरील देशी विद्येचा तेथे संगम झाला. १८७९ मध्ये जपानने हे राज्य खालसा करून आपला एक प्रांत बनविले. त्या काळापर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, ही विद्या घराच्या अंगणात, बहुधा रात्रीच्या वेळी, एका गुरूकडून एका-दोघा शिष्यांकडे जात असे. १९०१ च्या सुमारास आंको इतोसु या वृद्ध गुरूंनी शुरी येथील प्राथमिक शाळेत ती शिकविण्यास आरंभ केला. अंगणातील विद्या शाळेच्या पटांगणात आली. एक-दोघा शिष्यांच्या जागी शंभर मुले आली, रांगा आल्या आणि आज्ञाही आल्या.

त्यामुळे कराटेच्या वंदनात शाळेची छाप स्पष्ट दिसते. जपानच्या शाळांतून आजही तास सुरू होताना वर्गप्रमुख तीन शब्द उच्चारतो : ‘किरित्सु’, म्हणजे उभे राहा, ‘रेइ’, म्हणजे वंदन, आणि ‘चाकुसेकि’, म्हणजे खाली बसा. शिक्षक वर्गात येताच आपण उठून उभे राहतो त्याचीच ही जपानी बहीण. कराटेच्या रांगेत ज्येष्ठ विद्यार्थी मोठ्याने आज्ञा देतो, ती चाल याच घराण्यातील.

ओकिनावातील दुसरे एक शाळामास्तर गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक करून दाखविले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो, जे स्वतःही शिक्षकच होते, त्यांनी फुनाकोशींना आपल्या कोदोकान संस्थेत पाचारण केले. तेथून कराटेला महाविद्यालयांची दारे उघडली. फुनाकोशींनी आपल्या शिष्यांसाठी वीस नियम घालून दिले. पहिला नियम ठोशाविषयी नाही की लाथेविषयी नाही. कराटेचा आरंभही रेइने व्हावयाचा आणि शेवटही रेइने, याचे स्मरण तो देतो. लगेच येणारा दुसरा नियम असा की, कराटे जाणणाऱ्याने पहिला वार करावयाचा नाही. या दोन नियमांची शेजारजोडी मला मोठी अर्थपूर्ण वाटते. ज्यास प्रथम वाकावयाची सवय लागली त्याचा हात प्रथम उठणे कठीण. फुनाकोशी मास्तर होते म्हणूनच त्यांना हे सुचले असावे. पोरांच्या हाती शस्त्र देण्यापूर्वी त्यांच्या हाताला काय शिकवावयाचे, हे मास्तरास कळते.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. ज्या जागी हा अभ्यास चालतो तिला ‘दोजो’ म्हणतात. ‘दो’ म्हणजे मार्ग आणि ‘जो’ म्हणजे स्थान. हा शब्द आपणांस परका वाटला तरी त्याचे मूळ आपल्याच भूमीत आहे. बोधगयेस पिंपळाखाली ज्या जागी गौतमास ज्ञानप्राप्ती झाली तिला संस्कृतात ‘बोधिमंड’ म्हणतात. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी त्या शब्दासाठी जी दोन अक्षरे योजिली तीच जपानी उच्चारात ‘दोजो’ झाली. प्रथम ती मठातील साधनेच्या दालनास लागली, मग शस्त्रविद्येच्या आखाड्यास. दोजोच्या दारात थांबून, पादत्राणे काढून, आत तोंड करून वाकावयाचे ते या जागेला. आपला पहिलवान तालमीत पाऊल टाकताना लाल मातीला हात लावून तो कपाळी लावतो, त्यास कोणी ‘माती कशाला पुजतोस?’ असे विचारीत नाही.

सर्वजण रांगेत बसतात. बसण्याची पद्धत ‘सेइझा’, आपल्या वज्रासनासारखीच. प्रथम डावा गुडघा टेकावयाचा, मग उजवा. उठताना मात्र उजवे पाऊल आधी. सामुराई तलवार डाव्या कमरेस बाळगीत असे आणि ती उजव्या हाताने उपसावयाची असे. या क्रमाने बसले-उठले म्हणजे तलवारीचा मार्ग मोकळा राहतो, असे याचे कारण सांगतात. आज कोणाच्याही कमरेस तलवार नाही, पण गुडघ्यांचा क्रम राहिला आहे. (नवख्यांच्या पायांना पाच मिनिटांत मुंग्या येतात आणि उठताना त्यांची जी त्रेधा उडते ती पाहून ज्येष्ठांनी हसू नये, हाही शिष्टाचाराचाच भाग मानावयास हवा.)

मग आज्ञा होते, ‘मोकुसो’. डोळे मिटून, श्वास संथ करून काही क्षण स्वस्थ बसावयाचे. ज्या झेन पंथाच्या शिस्तीची आठवण येथे होते त्याचे नाव आपल्या ‘ध्यान’ शब्दापासूनच आले आहे; ध्यानाचे पालीत झान, चीनमध्ये चान आणि जपानात झेन झाले. शाळेतून धावत आलेल्या, गृहपाठाच्या काळजीत असलेल्या मुलाचे मन दोजोच्या आत येण्यास शरीरापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ त्यास या मौनात मिळतो.

त्यानंतर तीन वंदने होतात : ‘शोमेन नि रेइ’, ‘सेन्सेइ नि रेइ’ आणि ‘ओतागाइ नि रेइ’. मराठी मुलाला येथे एक गमतीची ठेच लागण्याचा संभव आहे. आपल्या भाषेत ‘नि’ म्हणजे ‘आणि’. तेव्हा ‘सेन्सेइ नि रेइ’ ऐकून सेन्सेइ आणि रेइ अशा दोन व्यक्ती असाव्यात असे एखाद्यास वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. जपानी ‘नि’ हा आपल्या चतुर्थीच्या ‘स’ किंवा ‘ला’ या प्रत्ययासारखा आहे आणि तो आपल्यासारखाच नामाच्या मागून येतो. ‘सेन्सेइ नि रेइ’ म्हणजे ‘गुरूंस वंदन’. शब्दांचा क्रमही तोच! जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येत असल्याने ही भाषा वाटते तितकी आडवळणाची नाही. उच्चारांच्या बाबतीत तर मराठी माणूस भाग्यवानच म्हणावयाचा. जपानीत ठोशास ‘त्सुकी’ म्हणतात. त्यातील पहिला ध्वनी आपण ‘चाक’ आणि ‘चमचा’ या शब्दांत दिवसभर उच्चारीत असतो.

‘शोमेन’ म्हणजे समोरची बाजू, दोजोचे मुख. जपानातील कित्येक जुन्या दोजोंत तेथे ‘कामिदाना’ नावाची शिंतो देवतांची लहानशी फळी असते. अशा ठिकाणी ‘शिन्झेन नि रेइ’, म्हणजे देवतेसमोर वंदन, अशी निराळी आज्ञा देतात. जेथे देवता नाही तेथे ‘शोमेन’. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शब्दभेदातच आहे. आपल्या गावच्या सभागृहातील भिंतीवर फुनाकोशींचे किंवा त्या पंथाच्या अन्य गुरूंचे छायाचित्र असते, कोठे ध्वज असतो, कोठे काहीच नसते. तेथील वंदन पूजा नव्हे. ज्यांनी ही विद्या आपल्यापर्यंत आणून पोहोचविली त्यांच्या ऋणाची ती पोच आहे.

तथापि एखाद्या घराच्या धर्मश्रद्धेस गुडघे टेकून वाकणे मानवत नसेल, तर तेथे शिक्षकांनी हट्ट धरू नये असे मला वाटते. उभ्याने केलेले वंदनही तितकेच पूर्ण असते. अर्थ समजावून सांगावा, मग निर्णय त्या कुटुंबावर सोपवावा. दटावून वाकविलेल्या पाठीत रेइ नसतो.

‘सेन्सेइ’ या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘आधी जन्मलेला’. जपानात शाळेतील शिक्षकांस आणि डॉक्टरांसही सेन्सेइ म्हणतात. कराटेपुरता तो राखून ठेवलेला नाही. मात्र तो दुसऱ्याने म्हणावयाचा असतो. स्वतःच्या नावापुढे स्वतःच ‘सेन्सेइ’ लावणे जपानी कानाला तितकेच खटकते, जितके कोणी स्वतःची ओळख ‘मी अमुकराव साहेब’ अशी करून दिली तर आपल्याला खटकेल. आपल्याकडील काही जाहिरातफलक पाहिले म्हणजे ही गोष्ट सांगणे आवश्यक वाटते.

आणि तिसरे वंदन, ‘ओतागाइ नि रेइ’. ‘तागाइ’ म्हणजे परस्पर. सर्वांनी एकमेकांस वंदन करावयाचे. माझ्या मते तिन्हींत हेच वंदन सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच घाईघाईने उरकले जाते. वास्तविक पाहता ज्याच्याशी आपण सराव करतो तो आपणांस आपले शरीर उसने देत असतो. त्याच्या बरगडीवर आपण ठोसा रोखावयास शिकतो, त्याच्या कानशिलाजवळ लाथ थांबवावयास शिकतो. एखादे वेळी ती थांबत नाही आणि त्यास लागते. असे असूनही तो उद्या पुन्हा समोर उभा राहणार असतो. या विश्वासाशिवाय कराटे शिकणे केवळ अशक्य आहे. भिंतीस मारून बळ येईल, अंतर कळावयाचे नाही. अंतर शिकविणारा जो समोरचा मुलगा, तोही त्या घटकेस गुरूच होय.

येथे आपल्या तालमीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. आखाड्यात हनुमंताच्या तसबिरीस नमस्कार होतो, वस्तादांच्या पायांस हात लागतो, कुस्ती जोडताना दोघे मल्ल सलामी देतात, हात मिळवतात. भाव एकच आहे. परंतु एक बारीक भेद आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. शिष्य वाकला की आपले वस्ताद आशीर्वादाचा हात वर करतात. दोजोत शिष्य वाकतात तेव्हा सेन्सेइदेखील वाकतात. त्यांचे वाकणे किंचित कमी असेल, पण ते असतेच. शिकणारा आहे म्हणून शिकविणारा आहे, ही जाणीव त्या परतीच्या वंदनात व्यक्त होते.

ही परतीची बाजू सुटली म्हणजे काय होते, याचे उदाहरण खुद्द जपाननेच पाहिले आहे. तेथील महिला ज्युदो संघातील १५ खेळाडूंनी आपणांस प्रशिक्षणात मारहाण होते अशी तक्रार २०१२ च्या अखेरीस जपानी ऑलिंपिक समितीकडे केली. २०१३ च्या आरंभी ती जगजाहीर झाली आणि मुख्य प्रशिक्षकास पद सोडावे लागले. त्या खेळाडू दररोज वाकत होत्या, यात शंका नाही. वाकण्याच्या शिस्तीआड मारहाण दडू शकते. म्हणून पालकांनी आपल्या पाल्याच्या वर्गात एवढे अवश्य पाहावे : मुले वाकतात तेव्हा गुरुजीही वाकतात काय?

वाकण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण चुकीचे वंदन पाहताना दोन प्रकार हटकून आढळतात. एक, पेंगुळल्यासारखी नुसती मान डोलावणे. दुसरा, झटका दिल्यासारखे कमरेत मोडणे. उभ्याने वंदन करताना टाचा जुळलेल्या, पावले किंचित उघडी, तळहात मांड्यांच्या बाजूस. पाठ आणि मान एका रेषेत ठेवून कमरेपासून वाकावयाचे. हात आपोआप पुढे सरकतात. जपानी शिष्टाचारात साधारणतः १५ अंशांचे वाकणे जाता-येता ओळख देण्यासाठी, ३० अंशांचे आदरासाठी आणि ४५ अंशांचे अत्यंत आदरासाठी किंवा क्षमायाचनेसाठी मानतात. कोनमापक घेऊन कोणी उभे राहत नाही, हे सांगावयास नकोच. ओगासावारा नावाच्या एका प्राचीन घराण्याने, जे धनुर्विद्या, अश्वविद्या आणि शिष्टाचार या तिन्हींचे शिक्षण देते, श्वासाचाही नियम सांगितला आहे : वाकताना श्वास आत, वाकलेल्या स्थितीत श्वास बाहेर, उठताना पुन्हा आत. करून पाहावे. श्वासाची जोड मिळताच घाई आपोआप नाहीशी होते आणि समोरचा मनुष्यही त्याच लयीत आला तर दोघे एकाच वेळी उठतात.

बसून वंदन करताना तळहात गुडघ्यांपुढे जमिनीवर ठेवावयाचे. कोठे आधी डावा मग उजवा अशी चाल आहे, कोठे दोन्ही एकदम. दोन्ही हातांच्या बोटांमधून एक त्रिकोण तयार होतो, आणि त्याच्या दिशेने मस्तक खाली न्यावयाचे. कपाळ सामान्यतः जमिनीस टेकत नाही, जमिनीच्या वरच थांबते. नजर कोठे असावी, याविषयी पंथापंथांत भेद आहेत. प्रतिस्पर्ध्यापुढे वाकताना डोळे त्याच्यावर रोखून धरावेत, न जाणो त्याने घात केला तर, असे काही ठिकाणी शिकवितात. मला ते वंदन फारसे रुचत नाही. ज्याच्यावर एवढाही विश्वास नाही त्याच्याशी सराव करूच नये.

आता मुखाने उच्चारावयाच्या शब्दांविषयी. सरावाच्या आरंभी ‘ओनेगाइ शिमासु’ म्हणतात. शेवटचा ‘सु’ जवळजवळ गिळला जातो. ‘नेगाइ’ म्हणजे इच्छा, विनंती. आधीचा ‘ओ’ आदरार्थी. ‘मी आपणांस विनंती करतो’ एवढाच त्याचा शब्दार्थ. कसली विनंती, ते उघड बोललेले नसते. गुरूंस म्हटले तर ‘मला शिकवा’, सोबत्यास म्हटले तर ‘माझ्याबरोबर सराव करा, मला सांभाळून घ्या’. गुरूही शिष्यांस उलट हेच शब्द म्हणतात, हे विशेष.

सराव संपल्यावर ‘अरिगातो गोझाइमाशिता’. ‘अरिगातो’ म्हणजे आभार, हे बहुतेकांस ठाऊक असते. त्याची व्युत्पत्ती मात्र फार सुंदर आहे. ‘अरि’ म्हणजे असणे आणि ‘कातइ’ म्हणजे कठीण. जे असणे कठीण, जे सहसा घडत नाही, ते ‘अरिगातइ’. आपला ‘दुर्लभ’ शब्द नेमका असाच घडला आहे. जपानी माणूस आभार मानतो तेव्हा, ‘हे जे आपण माझ्यासाठी केले ते दुर्मिळ आहे’, असे म्हणत असतो. शेवटच्या ‘माशिता’ने भूतकाळ दर्शविला जातो. जे घडून गेले त्याबद्दल हे आभार आहेत. म्हणून सराव संपताना ‘गोझाइमासु’ न म्हणता ‘गोझाइमाशिता’ म्हणावयाचे. एवढ्या लहानशा प्रत्ययानेही बोलणाऱ्याचे लक्ष ठिकाणावर आहे की नाही ते समजते.

आणि मग येतो तो लोकप्रिय शब्द : ‘ओस’. आपल्याकडे कित्येक वर्गांत ‘हो’, ‘समजले’, ‘नमस्कार’, ‘शाबास’ या साऱ्यांसाठी हा एकच शब्द गर्जला जातो. त्याचा उगम दोन प्रकारे सांगतात. ‘ओहायो गोझाइमासु’ या प्रातःकालीन अभिवादनाचे तरुणांच्या तोंडी झिजलेले रूप, असे एक मत; ‘रेटणे’ आणि ‘सोसणे’ या अर्थांची दोन अक्षरे एकत्र येऊन तो झाला, असे दुसरे. लिहिताना ही दोन अक्षरेच योजतात. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिन पंथात आणि जपानी महाविद्यालयांच्या कराटे मंडळांत त्यास मानाचे स्थान आहे. तेथे तो शोभतो. परंतु ओकिनावातील अनेक जुन्या दोजोंत तो उच्चारीत नाहीत. साधे ‘हाइ’, म्हणजे ‘होय’, पुरते. दोजोबाहेर कोणा जपानी वृद्धास किंवा भगिनीस ‘ओस’ म्हणून अभिवादन करणे म्हणजे आपल्याकडे आजोबांस ‘काय रे गड्या!’ म्हणण्यासारखेच. तो आडदांड पुरुषी बोलीतील शब्द आहे. ज्याच्या वर्गात तो चालतो त्याने तेथे खुशाल म्हणावा; विमानतळावर भेटलेल्या जपानी पाहुण्यास मात्र ‘कोन्निचिवा’ म्हणावे.

स्पर्धेतही रेइ आहे. लाल आणि निळा पट्टा बांधलेले दोन स्पर्धक लढतीपूर्वी व नंतर एकमेकांस वंदन करतात. येथे खरी कसोटी लागते, कारण हरलेल्याची पाठ सहजासहजी वाकत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्युदोच्या एका लढतीत इजिप्तचा मल्ल इस्राएलच्या मल्लाकडून हरला. त्याने हस्तांदोलन नाकारले आणि तो निघाला. पंचांनी त्यास परत बोलावून वंदन करावयास लावले. त्याने कशीबशी मान हलविली. पुढे त्यास मायदेशी परत पाठविण्यात आले. त्याच्या मनात कोणकोणते ओझे होते, याचा न्याय दुरून करणे सोपे नाही. पण रेइची अपेक्षा नेमकी अशाच ठिकाणी असते. मित्रापुढे वाकणे कोणासही जमते.

याउलट एक दृश्य ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जगाने पाहिले. कराटेचा ऑलिंपिकमध्ये तो पहिलाच प्रवेश होता, आणि स्थळ होते निप्पोन बुदोकान. ‘काता’ या प्रकारात, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठराविक क्रमाने करावयाच्या हालचालींत, ओकिनावाच्या र्‍यो कियुना याने स्पेनच्या दामियान किंतेरो यास मागे टाकून सुवर्णपदक मिळविले. महामारीमुळे त्या भव्य सभागृहातील प्रेक्षकांच्या आसनांवर कोणी नव्हते. विजयानंतर कियुना चटईच्या मधोमध सेइझात बसला आणि त्याने खाली वाकून दीर्घ वंदन केले. पदक घेताना त्याच्या हाती दिवंगत आईचे छायाचित्र होते. टाळ्या वाजविणारे फारसे कोणी नसताना केलेले ते वंदन कोणासाठी होते, हे शोमेनचा अर्थ ज्यास कळला त्यास निराळे सांगावे लागणार नाही.

दोजोतील आणखी एक शब्द सांगावयाचा राहिला. उशिरा आलेला विद्यार्थी दाराशी थांबतो, गुरूंची खूण होईपर्यंत आत येत नाही. आत येताना, गुरूंच्या खोलीत शिरताना, त्यांच्यापुढून जाताना, आणि सर्वांत शेवटी दोजोतून निरोप घेताना तो ‘शित्सुरेइ शिमासु’ म्हणतो. ‘शित्सु’ म्हणजे गमावणे आणि ‘रेइ’ तर आता आपल्या परिचयाचा झालाच आहे. ‘माझ्या हातून मर्यादेचा भंग होत आहे’, असा त्याचा शब्दार्थ. आपण आलो तरी कोणाच्या तरी कामात व्यत्यय येतो, गेलो तरी कोणास तरी मागे सोडून जातो. ते बोलून, पुन्हा एकदा आत तोंड करून विद्यार्थी वाकतो, आणि मग आपली पादत्राणे शोधू लागतो. ती त्याने येतानाच बाहेरच्या दिशेस तोंड करून, जोडीने नीट लावून ठेवलेली असतात.